दाराआधीचं अर्धं पाऊल

१

त्या स्टुडिओत तिला सगळे पावलंमावशी म्हणत. खरं नाव सहीपुरतंच उरलं होतं, तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

मावशीचा उद्योग असा, की सांगितला तर ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "म्हणजे नेमकं करता काय?" पडद्यावरची माणसं चालतात ना, त्यांच्या पावलांचा आवाज मावशी काढायची. चित्रीकरणात बोलणं नीट टिपलं जाई, पण पायांचा आवाज कुठल्या कुठे जाई. मग एका बंद खोलीत, समोर चित्र लावून, मावशी त्यांच्या पावलाला पाऊल मिळवत जागच्या जागी चालायची. खोलीत दगडी फरशीचा तुकडा, सिमेंटचा चौकोन, लाकडी फळ्या, खडीने भरलेलं पसरट खोकं, असं सगळं मांडलेलं असे. एका ट्रंकेत तऱ्हेतऱ्हेचे बूट. दारुडा, हवालदार, दिवस भरलेली बाई, सगळ्यांचं चालणं मावशीला येत होतं. नुसत्या आवाजावरून ती माणसाचं वय सांगायची, वजनही सांगायची. जिन्यात कोण आलंय ते बघायला शेजाऱ्यांना दार उघडावं लागे, मावशीला नाही.

ऐन उमेदीत तिने 'मागावर' नावाच्या मालिकेसाठी पावलं दिली होती. मालिका कृष्णधवल, आणि तिची नायिका खाजगी गुप्तहेर बाई. तिला नावाने कुणी हाक मारतच नसे, नुसतं 'बाई' म्हणत. लांब कोट, पट्ट्याचे काळे बूट आणि भलीमोठी पर्स. त्या पर्समधून टॉर्च निघे, रुमाल निघे, कधी उकडलेलं अंडंही निघे. हरवलेली माणसं आणि वस्तू शोधणं हे बाईचं काम, आणि ती रिकाम्या हाताने कधी परतत नसे.

बाईचं काम करणारी नटी होती चष्म्याची, पण पडद्यावर चष्मा लावायची तिची तयारी नव्हती. दारापुढे कुठे उभं राहायचं याची खडूची खूण तिला दिसत नसे, म्हणून ती दाराशी आली की चवड्याने जमीन चाचपायची. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि मग घासटत टाकलेलं अर्धं. मावशीने ते बरोबर हेरलं आणि तसंच वाजवलं. बघणाऱ्यांना वाटलं, केवढी सावध बाई! गल्लीगल्लीतली पोरं दारापुढे अर्धं पाऊल टाकू लागली.

नटी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती मालिका पुन्हा दाखवायचं घाटत होतं. चित्र टिकलं होतं, संवादांची फीतही शाबूत होती, पण पावलांची फीत ओल लागून चिकटली होती. म्हणून मावशीला बोलावणं आलं.

काचेपलीकडे बसून ध्वनिमुद्रण करणारी मुलगी होती. हेडफोन सदानकदा गळ्यात, म्हणून मावशीने पहिल्याच दिवशी तिचं नाव कानवाली ठेवलं.

"मावशी, गुडघे काय म्हणतायत?" कानवालीने विचारलं.

"काय म्हणणार? मलाच शिव्या घालतायत. लाव चित्र."

लाल दिवा लागला. पडद्यावर बाई चालू लागली आणि मावशीचे पाय आपसूक तिच्याबरोबर निघाले.

२

घरी नवरा वाट बघत असे. जन्मभर त्याने लोकांना चष्मे करून दिले आणि उतारवयात त्याचेच डोळे गेले. देवाला विनोद कळतो पण वेळ कळत नाही, असं तो म्हणायचा. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि मावशी आली की विचारायचा, "आज बाईने काय शोधलं?"

"एका डॉक्टरचा कुत्रा."

"सापडला?"

"तिला न सापडून सांगतो कुणाला!"

पुढचा प्रश्न दोघांनाही ठाऊक होता आणि तो विचारायचा नाही, हेही ठाऊक होतं.

त्यांना एक मुलगी होती. पाय फुटल्यापासून आईच्या मागेमागे असायची, म्हणून तिला मुंगी म्हणत. मालिका ऐन भरात होती तेव्हा मुंगी तिसरीत होती. शाळेतून आली की दाराबाहेर अर्धं पाऊल टाकायची आणि मग दाराच्या खालच्या भागावर टकटक करायची, कारण घंटेपर्यंत हात पोचत नसे. आतून बाप दरडावून विचारायचा, "कोण आहे?"

"मी बाई. तुमचं काय हरवलंय?"

मग बाप रोज काहीतरी हरवायचा. कधी चमचा, कधी डावा मोजा, एकदा तर स्वतःचं नाक. मुंगी सगळं शोधून द्यायची.

एका दुपारी शाळा सुटली आणि मुंगी घरी आली नाही. त्या सकाळी तिच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला होता. चालताना फट् फट् वाजत होता आणि तिला त्याची भारी गंमत वाटत होती. "संध्याकाळी चिकटवू," मावशी म्हणाली होती. पोलिसांना वर्णन देताना तिने तेही सांगितलं. पोलीस आले, गेले, पुन्हा आले. शेजारपाजार, विहिरी, रिकाम्या इमारती, सगळं पालथं घातलं. काहीही सापडलं नाही, एक रिबिनसुद्धा नाही. आणि जिभेला हाड नसलेली माणसं म्हणाली, "तुमच्या त्या बाईला सांगा की शोधायला!"

त्याला तीसेक वर्षं झाली. त्यांनी घर बदललं नाही, दारही बदललं नाही. पण एका बाबतीत नवरा-बायकोचं कधी जमलं नाही. नवऱ्याला मरायच्या आधी कळून घ्यायचं होतं, मुंगीचं काय झालं असेल ते. मावशीला कळायला नको होतं.

याचं कारण तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओ रिकामा झाला की ती ट्रंक उघडायची, एखादा बूट पायात चढवायची आणि मुंगी बनून चालायची. आधी सोळा वर्षांची, उंच टाचांची हौस असलेली, जरा धडपडणारी. मग नोकरीला उशीर झालेली. मग कडेवर मूल घेतलेली, एका बाजूला कललेली. वर्षागणिक मावशीने लेकीची चाल वाढवत नेली होती. आता ती चाल चाळिशीची झाली होती आणि डाव्या टाचेवर किंचित जास्त रेलत होती. जोवर काही कळलेलं नव्हतं, तोवर मुंगी कुठेतरी अशीच चालत होती.

३

चोरीला गेलेल्या व्हायोलिनचा भाग मावशीला तोंडपाठ होता. संगीतशिक्षकाच्या घरातून बाई निघते, फरशीवरून चालत फाटकाशी येते. मावशीने दगडी फरशी पुढे ओढली, दिवा लागला, आणि दुसऱ्याच पावलाला ती अडखळली. पडद्यावर बाईच्या बुटांखाली फरशी नव्हती. खडी होती.

"थांबव गं. इथे खडी कधी होती?"

"आहे की, मावशी. दिसतेय ना?"

दिसत होती खरी. आपलंच डोकं, दुसरं काय, असं म्हणून मावशीने खडीचं खोकं घेतलं. खडीनंतर दगडी फरसबंदी आली, मग सिमेंटचा रस्ता, आणि त्यात एक लोखंडी झाकण. बाईचा पाय पडला की ते खणकायला हवं होतं. मावशीने कोपऱ्यातला जुना पत्रा आणून टाकला. तेवढ्यात पोटरीत गोळा आला आणि ती जागीच थांबली.

पडद्यावर बाईही थांबली.

झाकणावर एक पाय ठेवून ती उभी राहिली. तिची पाठ मावशीकडे होती. मावशीने पोटरी चोळली, पाय झटकला, पाऊल उचललं. बाई चालू लागली.

मावशीने काचेकडे पाहिलं. कानवालीचं लक्ष आवाज मोजणाऱ्या काट्यांवर होतं.

"परत दाखव बरं."

परत दाखवलं तेव्हाही बाई झाकणावर थांबत होती. म्हणजे ती पहिल्यापासून थांबतच असणार. उभ्या हयातीत मावशीचे पाय डोळ्यांच्या हुकमात चालले होते. ती थांबली म्हणूनच आपण थांबलो आणि पोटरीचं निमित्त झालं, असं मावशीने स्वतःला बजावलं. दुसरा काही अर्थ लागत नव्हता, आणि लावायचाही नव्हता.

४

पण पुढच्या भागातही ते आलं. त्याच्या पुढच्यातही. गोष्ट कुणाच्या का शोधाची असेना, मध्येच बाई खडीवरून चालू लागे, मग फरसबंदी, मग सिमेंट, मग झाकण. मग पुन्हा मूळची गोष्ट सुरू होई. दर खेपेला ती आधीपेक्षा थोडी पुढे जाई.

सारखी उचलठेव नको म्हणून मावशीने सगळे तुकडे एका ओळीत मांडून ठेवले. आधी खडी, मग दगडी फरशी, सिमेंट, पत्रा. मांडून झाल्यावर कंबर सरळ करून तिने त्या ओळीकडे पाहिलं आणि तिला ती वाट ओळखू आली.

शाळेच्या अंगणातली खडी. फाटकाबाहेरची फरसबंदी. मग रस्ता आणि गटाराचं झाकण, ज्यावर मुंगी रोज न चुकता उडी मारायची. मुंगी गेल्यावर कितीतरी महिने मावशी त्या वाटेने सकाळ-संध्याकाळ चालली होती. डोळे रडून सुजलेले असत, तेव्हा ती पायांनीच वाट ओळखायची. पाय विसरले नव्हते.

झाकणानंतर उजवीकडे वळलं की त्यांच्या इमारतीचा बोळ लागे.

"मावशी, बरं वाटत नाहीये का?" कानवाली बाहेर आली.

"हे कुठे चित्रित केलंय गं? हा रस्ता?"

"कुठे म्हणजे? स्टुडिओतच. ते मागचं आभाळ बघा, रंगवलेला पडदा आहे. सुरकुती दिसतेय." कानवालीने पाण्याचा पेला पुढे केला. "आणि असले रस्ते काय, कुठेही असतात."

खरं होतं. खडी, फरशी, सिमेंट. कुठल्याही गावात, कुठल्याही शाळेपुढे हेच असणार. मावशी पाणी प्यायली.

त्या दिवशीच्या शेवटच्या तुकड्यात बाईने झाकण ओलांडलं आणि ती डावीकडे वळली. तिच्या पायाखाली लाकूड आलं.

डावीकडे तेव्हा लाकडाची वखार होती आणि तिची उंच भिंत होती. तिथून वाट नव्हती. पोलिसांनी वखार दोनदा पाहिली होती. मावशीने फळ्या ओढल्या आणि ती बाईच्या मागे चालली. पावलं चुकली नाहीत.

५

त्या दुपारी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. वेड लागलं म्हणाला असता तर तिला बरंच वाटलं असतं. तो तसं म्हणाला नाही.

"डावीकडे," तो म्हणाला. "नक्की?"

"अहो, सिनेमा आहे तो. माझं डोकं फिरलंय, झालं."

"पुढे काय आहे?"

"एकच रीळ राहिलंय. मी नाही जाणार उद्या. पाय दुखतात म्हणून सांगते."

नवरा खुर्चीतून पुढे वाकला. चाचपत त्याने तिचा हात धरला. "अगं, बाईला न सापडून कसं चालेल? तूच म्हणतेस ना?"

"आणि सापडलं म्हणजे? काय सापडलं म्हणजे? तुम्हाला काय हवंय, सांगा ना!"

"मला काही हवं नाही." त्याने तिचा हात सोडला. "रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळेला मी दाराकडे कान लावतो. इतकी वर्षं. मला ते थांबवायचंय गं. मी दमलो."

मावशीला त्याचा राग आला आणि त्याची दयाही आली. तिला वाटलं होतं, वाट बघण्यावरच हे घर उभं आहे. त्याच्यासाठी ती वाट बघणंच जड झालं होतं, आणि हे तिला इतक्या वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

"दार आलं तर?" तिने विचारलं.

"तर बाई टाकते तसं पाऊल टाक. आणि मला येऊन सांग."

६

शेवटच्या रिळात गोष्ट अशी नव्हतीच. सुरुवातीपासून बाई चालत होती. खडी, फरसबंदी, सिमेंट, झाकण, लाकूड. लाकूड संपल्यावर खाली उतरणाऱ्या पायऱ्या आल्या. उजेड कमी झाला. बाईने पर्समधून टॉर्च काढला. मावशी पायरीगणिक गुडघा दाबत होती, पण थांबली नाही, कारण आता तिला पक्कं ठाऊक होतं की आपण थांबलो तर तीही थांबेल.

खाली एक दार होतं. बुटकं, फळ्यांचं, बाहेरून कडी असलेलं. मावशीने ते कधी पाहिलं नव्हतं.

बाई दारासमोर आली. एक पाऊल. दुसरं पाऊल.

मग ती उभी राहिली आणि तिने मान वळवली. एवढ्या भागांत बाईने कधी थेट समोर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, डोळे बारीक करून, चष्म्याशिवाय माणूस पाहतो तसं. तिच्या तोंडावर ना भीती होती ना घाई. अवघड बातमी घेऊन आलेलं माणूस 'आत येऊ का' असं विचारतं, तसं ती बघत होती.

राहिलं होतं ते अर्धं पाऊल. ते वाजलं की बाई कडी काढणार होती.

मावशीने पाय उचलला. तिला नवऱ्याचा दमलेला आवाज आठवला. आणि तिला आपली चाळिशीची मुंगी आठवली, डाव्या टाचेवर रेलणारी, कुठल्यातरी गावात भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेली. मावशीने पाय होता तिथेच परत ठेवला, अगदी हलके, आवाज न करता. दोन्ही हातांनी तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं. लाल दिवा जळत होता. बाई तिच्याकडे बघत होती. मग पडदा पांढरा झाला. रीळ संपलं होतं.

"व्वा, मावशी!" काचेपलीकडून कानवालीचा आवाज आला. "शेवट तर काय झालाय! ऐकायचंय?"

"शेवटी काही नाहीये. मी टाकलंच नाही."

"काय टाकलं नाही? ऐका तर."

कानवालीने हेडफोन मावशीच्या कानांवर चढवला. पायऱ्या ऐकू आल्या, मावशीचेच चामडी बूट, गुडघ्यातली कुरकुरही. मग एक पाऊल. दुसरं पाऊल. मग बराच वेळ नुसती खोलीची शांतता.

आणि मग अर्धं पाऊल.

हलकं. चवड्याचं. आणि त्याच्या मागोमाग, सुटलेला तळवा जमिनीवर आपटावा तसं एक छोटंसं फट्.

"परत लाव," मावशी म्हणाली.

कानवालीने परत लावलं. फितीतला दोष असेल, फळी उलली असेल, मावशीने सगळं मनात घोळवून पाहिलं. पण पावलाचं वजन तिला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि हे वजन तर तिने आधी पोटात आणि मग कडेवर वागवलं होतं. ते तसूभरही वाढलेलं नव्हतं. सोळा वर्षांची मुंगी, नोकरीवाली मुंगी, मूल कडेवर घेतलेली मुंगी, सगळ्या एकेक करून त्या खोलीतून निघून गेल्या. राहिली ती तिसरीतली.

"मावशी? तुमचंच आहे ना हे?"

"हो," मावशी म्हणाली. "माझंच."

७

ती घरी आली तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. नवरा खुर्चीत होता, तोंड दाराकडे. जिन्यातली तिची पावलं त्याने ऐकली असणारच.

मावशीने दार लावलं, कडी घातली, आणि ती त्याच्यापुढे जमिनीवर बसली. तिने त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवले. सांगायचं असं तिने रस्त्याने येताना ठरवलं होतं. त्याचा तो हक्क होता.

"आलं का दार?" त्याने विचारलं.

"आलं."

"मग?"

मावशीने तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर, जिन्यात, कुणीतरी चालत आलं. एक पाऊल. दुसरं पाऊल. मग दाराशी घासटत टाकलेलं अर्धं.

नवरा ताडकन उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली. "ऐकलंस?" त्याच्या आंधळ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि तो हसत होता, इतकी वर्षं मावशीने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "ऐकलंस ना? तिचंच! आली गं! एवढी मोठी झाली तरी विसरली नाही बघ!"

त्याने पाऊल ऐकलं होतं. पावलामागचं ते फट् मावशीने ऐकलं होतं.

दारावर टकटक झाली. खालच्या भागावर, घंटेपर्यंत हात न पोचणारं माणूस करतं तिथे.

"कोण आहे?" नवऱ्याने जुन्या आवाजात दरडावून विचारलं.

बाहेरून उत्तर आलं नाही. नुसतं कुणीतरी उभं होतं, पायांची चुळबूळ करत, आणि प्रत्येक चुळबुळीला तळवा वाजत होता.

"उघड ना," नवरा म्हणाला. "किती वेळ उभं ठेवणार तिला? दमली असेल."

मावशी उठली. पडद्यावरचं दार तिने उघडू दिलं नव्हतं. हे उघडायला त्याने सांगितलं होतं, आणि त्याला नाही म्हणायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. ती खोली ओलांडून गेली. दाराशी पोचल्यावर तिचा पाय सवयीने अर्धाच पडला.

बाहेरची चुळबूळ थांबली. मावशीने कडी काढली.